गाडीच्या टपाला भोक पाडून रेडिओ अँटेना कसा बसवतात? एनएमओ माउंटची संपूर्ण माहिती

"गाडीच्या टपाला १९ मिलिमीटरचं भोक पाडणार आहे," असं घरी नुसतं बोलून बघा. "डोकं ठिकाणावर आहे ना?" हा पहिला प्रश्न येईल. आणि तो प्रश्न अगदीच चुकीचा नाही. फोनचं ॲप आवडलं नाही तर अनइन्स्टॉल करता येतं, पत्र्याला पाडलेल्या भोकाला मात्र अनडू बटण नसतं.

तरीही जगभरात पोलिसांच्या गाड्या, ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड आणि हॅम रेडिओ वापरणारे हौशी लोक नेमकं हेच करतात. तुमच्या गाडीच्या टपावर शार्कच्या पंखासारखा छोटा अँटेना असेल, तर त्याच्याखालीही कंपनीने कारखान्यातच पाडलेलं एक भोक आहे. म्हणजे भोक पडणं ही काही भयंकर गोष्ट नाही. ते कुठे पाडलं, कसं पाडलं आणि नंतर त्याची काय काळजी घेतली, यावर सगळं अवलंबून असतं.

या लेखात आपण पाहणार आहोत: भोक का पाडायचं, ते खरंच गरजेचं आहे का, कसं पाडायचं आणि कायदा काय म्हणतो. उदाहरण म्हणून भारतात हॅम रेडिओसाठी वापरला जाणारा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा व्हीएचएफ बँड घेऊ.

फोन असताना गाडीत रेडिओ कशाला?

फोनला टॉवर लागतो. घाटात टॉवर नाही, किंवा पुरात टॉवरची वीज गेली, की फोनचा उपयोग फक्त टॉर्चसारखा. हॅम रेडिओ मात्र थेट दुसऱ्या रेडिओशी बोलतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरला एका रेडिओ मोहिमेसाठी गेलेल्या भारतीय हॅम मंडळींनी अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क सुरू ठेवला होता.

पण मग हातातला ५ वॅटचा वॉकी-टॉकी गाडीत बसून वापरला तर? चालतो, पण लंगडतो. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २ मीटर लांब असते. गाडी म्हणजे तिच्यासाठी खिडक्या असलेला लोखंडी डबा. बराचसा सिग्नल आतच अडकतो. शिवाय वॉकी-टॉकीचा आखूड रबरी अँटेना मुळातच तडजोड असते. म्हणून अँटेना गाडीबाहेर हवा.

टप हाच अँटेनाचा अर्धा भाग

हा मुद्दा नीट समजला की बाकी सगळं सोपं आहे.

गाडीवरचा सगळ्यात साधा अँटेना म्हणजे पाव लहरीची उभी काडी. हिशोब सोपा: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ३०० ÷ १४५ = २.०७ मीटर. त्याचा चौथा भाग म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर. प्रत्यक्षात काडी थोडी आखूड, ४९ ते ५० सेंटिमीटरची लागते.

पण पाव लहरीची काडी एकटी काम करत नाही. तिला उरलेला अर्धा भाग हवा असतो आणि तो म्हणजे तिच्या पायाशी पसरलेला धातूचा पत्रा. याला ग्राउंड प्लेन म्हणतात. आरशासमोर पेन्सिल उभी धरली की खाली तिचं प्रतिबिंब दिसतं ना, तसंच रेडिओ लहरींसाठी पत्र्यात काडीचं "प्रतिबिंब" तयार होतं. काडीभोवती सगळ्या बाजूंनी किमान पाव लहर, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर पत्रा असेल तर उत्तम.

आता गाडीकडे बघा. टप साधारण मीटरभर रुंद. मधोमध उभं राहिलं की दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर. जणू याच बँडसाठी मापून कापलाय! तोच अँटेना डाव्या मागच्या कोपऱ्यात लावला, तर जिकडे पत्रा जास्त पसरलाय तिकडे, म्हणजे उजवीकडे पुढच्या दिशेला सिग्नल जास्त जातो आणि बाकी दिशांना कमी.

आणखी एक फायदा आहे. टपाच्या मधोमध अँटेना असला की आत बसलेल्या माणसांच्या आणि अँटेनाच्या मध्ये पत्रा येतो. डिकीच्या कडेला लावलेला अँटेना मागच्या सीटवरच्या माणसापासून फक्त एका काचेच्या अंतरावर असू शकतो.

भोक न पाडता काय पर्याय आहेत?

मॅग्नेट माउंट: खाली मोठं लोहचुंबक. टपावर ठेवलं की झालं. काम चांगलं करतं. तोटे म्हणजे खाली धूळ अडकून रंगावर ओरखडे पडतात, केबल दारातून घ्यावी लागते आणि दार बंद करताना रोज चिरडते, आणि पावसाचं पाणी त्याच केबलवरून आत येतं.

क्लॅम्प माउंट: डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला स्क्रूने पकडतो. भोक लागत नाही, पण अँटेना कडेला जातो आणि बिजागरीतून मिळणारं अर्थिंग बेभरवशाचं असतं.

काचेवर चिकटवायचा अँटेना: सगळ्यात सोपा, पण सिग्नल काचेतून पार करताना काही ताकद वाया जाते.

भोक पाडून बसवलेला माउंट: पत्र्याशी थेट पक्का संपर्क, केबल पूर्ण आतून, चोरीला आणि वाऱ्याला दाद न देणारा. तोटा एकच. परत फिरता येत नाही.

माझा सरळ सल्ला: आधी मॅग्नेट माउंट घ्या आणि निदान दोन-तीन महिने वापरा. सॉफ्टवेअरमध्ये आपण कोड थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही, आधी टेस्टिंग करतो. इथेही तेच. जिथे भोक पाडायचा विचार आहे तिथेच मॅग्नेट ठेवून गाडी चालवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अँटेना बीमला लागतो का? केबल रेडिओपर्यंत पुरते का? मुळात आठवड्यातून किती वेळा बोलता? यातच समाधान झालं तर ड्रिल विकत घेऊच नका. बऱ्याच लोकांचं काम इथेच भागतं.

एनएमओ म्हणजे काय?

भोक पाडून बसवायच्या माउंटमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे एनएमओ, "न्यू मोटोरोला". मूळ रचना मोटोरोलाची असली तरी आता अनेक कंपन्या त्याच मापाचे माउंट आणि अँटेना बनवतात. त्यामुळे भोक एकच, अँटेना पाहिजे तेव्हा बदला.

यात तीन मुख्य भाग असतात. पत्र्याच्या खाली जाणारा भाग, ज्याच्या कडेला बारीक दात असतात. वरून फिरवून घट्ट करायची पितळी रिंग. आणि अँटेनाच्या बुडाशी असलेली रबरी ओ-रिंग. रिंग आवळली की खालचे दात पत्र्याच्या खालच्या बाजूला रुततात. तेच अर्थिंग. वरून अँटेना घट्ट केला की ओ-रिंग दबते आणि पाणी अडतं. म्हणून अँटेना काढून ठेवला तर त्या जागी रेन कॅप लावलीच पाहिजे.

नेहमीच्या एनएमओला पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं भोक लागतं. ३/८ इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा प्रकारही मिळतो. माउंट आधी हातात घ्या, मोजा, मगच ड्रिलला हात लावा.

भोक कुठे पाडायचं नाही?

• टपाच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्यावर नाही.
• दारांच्या वरच्या कडेला कर्टन एअरबॅग असतात. त्या भागाच्या आसपासही नाही.
• सनरूफ असेल तर काचेच्या आणि तिच्या रुळांच्या जवळ नाही. पॅनोरमिक सनरूफ असेल तर टपाचा विचारच सोडा.
• टप फायबर किंवा प्लास्टिकचा असेल तर भोकाचा फायदा नाही, कारण ग्राउंड प्लेनच नाही. लोहचुंबक चिकटतं का, एवढं बघितलं तरी कळतं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण ग्राउंड प्लेन म्हणून तो चालतो.
• कंपनीच्या शार्क फिनला खेटून नाही. त्यात जीपीएस असू शकतं. शक्य तितकं अंतर ठेवा.

यातल्या पहिल्या मुद्द्यावर मी स्वतः आपटलोय. माझी सेकंडहँड हॅचबॅक होती. मी वरून टेपने मधोमध मोजलं, खूण केली आणि ड्रिल चालवलं. खाली काय आहे ते बघितलंच नाही. भोक बरोबर आडव्या पट्टीच्या कडेवर गेलं. अर्ध्या भागात पत्रा दुहेरी, अर्ध्या भागात एकेरी. माउंटचे दात एका बाजूलाच लागले, रिंग तिरकी बसली. वरून भरपूर सिलिकॉन फासून मी स्वतःची समजूत घातली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आतल्या दिव्याच्या कव्हरमध्ये पाणी साचलेलं दिसलं. तेव्हा छताचं अस्तर खाली घेतलं, तर भोकाभोवती गंजाची तांबडी कडा तयार झाली होती. शेवटी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून भोक वेल्डिंग करून बुजवलं आणि टपाचा तेवढा भाग रंगवून घेतला. दुसऱ्या वेळी आधी अस्तर सोडवलं, खाली टॉर्च मारून बघितलं, मग पट्टीपासून वीतभर पुढे भोक पाडलं. ते शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

काय काय लागतं?

एनएमओ माउंट आणि केबल, १९ मिमीचा होल सॉ, सेंटर पंच, ३ मिमीचं ड्रिल बिट, मास्किंग टेप, गोल कानस, टच-अप पेंट, मल्टिमीटर, चष्मा आणि जुनी चादर. एनएमओसाठी खास होल सॉ मिळतो. त्याला कड असते, त्यामुळे पत्रा कापला गेला की तो तिथेच थांबतो आणि अस्तरात घुसत नाही. टपाचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, तेव्हा जोर लावून उपयोग नाही, उलट नुकसान.

स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यांचं शंकूसारखं बिट, कापतं छान. पण बऱ्याच मेट्रिक स्टेप ड्रिलमध्ये १८ नंतर थेट २० ची पायरी असते. १८ चं भोक पाडून कानशीने १९ करा, २० वर जाऊ नका.

प्रत्यक्ष कृती

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅगजवळ हात जाणार असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा.

२. दाराजवळचं रबर आणि क्लिप काढून छताचं अस्तर थोडं खाली घ्या. पट्ट्या, वायरी, दिव्याची जागा, सगळ्याचे फोनवर फोटो काढा. नंतर जोडताना हेच फोटो उपयोगी पडतात.

३. टपावर आडवी मास्किंग टेप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लावा आणि बरोबर कडांवर कापा. टेप काढून मधोमध घडी घाला, पुन्हा लावा. घडी म्हणजे मध्य. हे गणितापेक्षा भरवशाचं आहे.

४. आतून मोजून तीच जागा तपासा. बाहेरून एकाने बोटाने टकटक करायची, आतून दुसऱ्याने ऐकायचं. दोघांचं एकमत झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

५. खुणेवर टेपचे दोन थर लावा, सेंटर पंचने छोटा खड्डा करा. खड्डा नसेल तर बिट घसरतं आणि रंगावर नक्षी काढतं.

६. आत, भोकाच्या बरोबर खाली जाड पुठ्ठा धरा. आधी ३ मिमीचं पायलट भोक, मग होल सॉ. वेग कमी, ड्रिल सरळ उभं, दाब हलका.

७. लोखंडी कीस लगेच गोळा करा. प्लास्टिक पिशवीत लोहचुंबक घालून फिरवलं की सगळा कीस पिशवीला चिकटतो. रंगावर राहिलेला कीस दमट हवेत गंजतो आणि तांबूस ठिपके पडतात.

८. कानशीने कडा गुळगुळीत करा. उघड्या कडेवर टच-अप पेंट लावून वाळू द्या. खालच्या बाजूला मात्र जिथे दात रुतणार तिथला रंग खरवडून चकचकीत धातू उघडा करा. तिथे रंग राहिला तर अर्थिंग होणार नाही.

९. माउंट बसवा. रिंग आधी हाताने, मग पान्याने थोडीशी आवळा. आवळताना खालची केबल पिळली जाणार नाही हे बघा. खाली उघड्या धातूवर ग्रीसचं हलकं बोट फिरवा, म्हणजे गंज लांब राहील.

१०. केबल खांबातून खाली आणताना एअरबॅगच्या समोरून कधीही नेऊ नका. कंपनीच्या वायरींच्या मागून, त्यांनाच बांधत न्या. एअरबॅग उघडताना वाटेत काहीही असलं तर ते बंदुकीच्या गोळीसारखं उडू शकतं. इथे शंका असेल तर हा भाग अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

सिलिकॉन लावायचाच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा नको, तो धातू खातो. न्यूट्रल क्युअर प्रकार मागा. पण भोक नीट असेल तर ओ-रिंग पुरेशी असते.

केबल आखूड का हवी?

आरजी-५८ ही नेहमीची केबल १४५ मेगाहर्ट्झवर दर मीटरला साधारण ०.२ डेसिबल खाते. ५ मीटरला १ डेसिबल, म्हणजे सुमारे २० टक्के ताकद केबलमध्येच गरम होऊन संपली. ४३५ मेगाहर्ट्झच्या यूएचएफ बँडवर हेच नुकसान जवळपास दुप्पट. म्हणून उरलेल्या केबलचं वेटोळं करून सीटखाली कोंबू नका, हवी तेवढीच ठेवा.

तपासणी: बोलायच्या आधी

आधी अँटेना काढून मल्टिमीटरने बघा. केबलची मधली तार आणि गाडीची बॉडी यांच्यात संपर्क नसावा. केबलची बाहेरची जाळी आणि बॉडी यांच्यात रेझिस्टन्स शून्याच्या जवळ असावा.

मग अँटेना लावून एसडब्ल्यूआर मोजा. रेडिओने पाठवलेली ताकद अँटेना किती स्वीकारतो आणि किती परत पाठवतो, ते यातून कळतं. १.५ असेल तर फक्त ४ टक्के परत येते, म्हणजे उत्तम. २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. ३ च्या वर गेलं तर बोलू नका, रेडिओ खराब होऊ शकतो. नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र यासाठी सोयीचं आहे.

सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर तुमच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली दिसत असेल तर काडी लांब आहे, वर दिसत असेल तर आखूड. १ मेगाहर्ट्झच्या फरकासाठी साधारण साडेतीन मिलिमीटर. कापताना दर वेळी २ मिलिमीटरच कापा.

वीज कुठून घ्यायची?

५० वॅटचा मोबाइल रेडिओ बोलताना १० ते १२ अँपिअर खेचतो. लायटर सॉकेट त्यासाठी नाही. थेट बॅटरीपासून जाड वायर घ्या आणि पॉझिटिव्हवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींना कधीच हात लावू नका, त्यात जीवघेणा व्होल्टेज असतो.

कायदा काय म्हणतो?

फक्त ऐकायचा एफएम अँटेना असेल तर प्रश्न नाही. पण बोलायचं असेल तर लायसन्स हवं. भारतात हॅम लायसन्ससाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून एएसओसी परीक्षा होते. किमान वय १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, आणि जनरलसाठी मोर्स कोडही यावा लागतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर करता येतो. गाडीतून बोलण्याच्या अटी तुमच्या लायसन्समध्ये वाचून घ्या.

"ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला" हे कारण चालत नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने लायसन्सची माहिती न देता वॉकी-टॉकी विकल्याबद्दल ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या होत्या.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अँटेनाने इंजिन, चॅसिस किंवा सीटची संख्या बदलत नाही. तरी रस्त्यात कुणी विचारलं तर दाखवायला लायसन्सची प्रत गाडीत ठेवा. नव्या गाडीची गंजाची वॉरंटी त्या जागेपुरती कंपनी नाकारू शकते, हेही आधीच धरून चाला. आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल तर पहिली परवानगी त्यांची!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी विकताना काय?
माउंटवर रेन कॅप लावून तसंच विकू शकता. भोक बुजवायचं असेल तर रबरी प्लग किंवा वेल्डिंग आणि पेंटिंग. काहीही करा, पण घेणाऱ्याला सांगा.

गाडी धुताना?
अँटेना काढा, रेन कॅप लावा. ब्रश फिरणाऱ्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये हे विसरलात तर काडी वाकलीच.

बेसमेंट पार्किंगमध्ये?
दीड मीटर उंचीची हॅचबॅक आणि अर्ध्या मीटरची काडी, म्हणजे २ मीटर. प्रवेशद्वारावरची उंचीची पाटी वाचा.

एकाच काडीवर व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही चालतात का?
४३५ हे १४५ च्या तिप्पट आहे, त्यामुळे ४९ सेंटिमीटरची साधी काडी यूएचएफवरही जुळते. मात्र तिथे सिग्नलचा बराच भाग वरच्या दिशेला जातो. दोन्ही बँड नियमित वापरणार असाल तर ड्युअल बँड अँटेना घ्या, भोक तेच राहील.

थोडक्यात सांगायचं तर

ड्रिल प्रत्यक्ष चालतं जेमतेम दोन मिनिटं. त्याआधी खालून बघण्यात आणि मोजण्यात एक अख्खी दुपार गेली पाहिजे. आधी लायसन्स, मग मॅग्नेट माउंट, मग दोन-तीन महिन्यांचा अनुभव, आणि त्यानंतरही भोक हवंच आहे असं वाटलं तरच ड्रिल. पहिला पावसाळा झाला की अस्तर जरा खाली घेऊन आत बोट फिरवून बघा. बोट कोरडं निघालं तर काम जमलं.